माझ्या हाताच्या मापाची गिटार

माझा हात लहान आहे हे मला शाळेत कळलं. तोवर तो मला पुरत होता. शाळेत पेटी शिकवायला एक गुरुजी यायचे. मी हौसेनं पुढं जाऊन बसले, तर त्यांनी माझी बोटं पट्ट्यांवर ताणून बघितली, हसले आणि म्हणाले, हा हात पेटीचा नव्हे, तू टाळ घे. मग शाळा सुटेपर्यंत प्रार्थनेला मी टाळच कुटले. राग असा यायचा की माझे टाळ प्रार्थनेच्या पुढं पळायचे आणि छडी बसायची. छडीला बरा माझा हात लहान वाटला नाही!

लग्नात पुन्हा तेच. आमच्याकडं नवरीचा हिरवा चुडा सासरहून येतो. कासारमामांनी माझा हात दाबून बघितला आणि आलेली पहिलीच बांगडी भरली. ती आत गेली तशीच घसरून बाहेर आली. सगळ्याच तशा. सासरच्या बायका हसायला लागल्या, नवरी आणलीया का शाळेतली पोर, म्हणाल्या. शेवटी मामांनी लहान मुलींच्या खोक्यातल्या बांगड्या काढून मला भरल्या. मी मान खाली घालून रडत होते. सगळ्यांना वाटलं माहेर सुटणार म्हणून रडतीय. 

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, लष्करात होते. काही वर्षं मी त्यांच्याबरोबर छावणीत राहिले. तिथं अधूनमधून बडाखाना व्हायचा. जवान, साहेब, बायकापोरं सगळी एकत्र जेवायची. एका बडाखान्याला मिझोरामचा एक जवान इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला. त्यानं तार छेडली आणि माझा घास हातातच राहिला. इतका मोठा आवाज, आणि बोटं कशी अलगद फिरत होती! घरी येताना मी म्हणाले, आवं, मला हे शिकायचंय. मालक म्हणाले, रिटायर झाल्यावर बघू. नवरा ‘बघू’ म्हणाला की काय समजायचं ते बायकांना माहीत असतं. मी समजले आणि विषय सोडून दिला.

मालकांनी सोडला नव्हता. रिटायर होऊन आम्ही आष्ट्याला आलो, हे उसाच्या मागं लागले, मुलगा नोकरीला पुण्याला गेला. एक दिवस हे फवारणीचा पंप आणायला सांगलीला गेले आणि पंपाबरोबर एक लांबलचक खोकं घेऊन आले. गल्लीतल्या बायकांना वाटलं इस्त्रीचं टेबल आणलं. मी खोकं उघडलं आणि तिथंच खाली बसले. काळी कुळकुळीत गिटार, बरोबर छोटा स्पीकर. इतक्या वर्षांमागं रस्त्यानं चालता चालता बोललेलं एक वाक्य ह्या माणसानं जपून ठेवलं होतं. मी तिच्यावरनं हात फिरवला आणि विचारलं, लाइट गेली तर कशी वाजायची?

आता मालकांची निवड. ह्या माणसानं बैल पारखावा तशी गिटार पारखली होती. दुकानातल्या सगळ्या उचलून बघितल्या आणि सगळ्यात जड ती घेतली. वजन हाय म्हंजे जीव हाय, असं वर मला सांगितलं. तिची मान खोऱ्याच्या दांड्याएवढी जाड, का, तर पकड चांगली बसते. तारा जाडजूड, का, तर तुटायला नकोत. आमच्याकडं कुठलीही वस्तू एकदाच घ्यायची आणि दणकट घ्यायची. खुर्ची असो नाहीतर कुकर. दुकानदार काहीतरी सांगायला बघत होता म्हणे, पण सुभेदारापुढं त्याचं काय चालणार?

मी मोबाइलवर बघून शिकायला लागले. दुपारची भांडी आवरली की बसायचं. पहिल्या दिवशीच खांदा भरून आला. मान एवढी जाड की अंगठा मागं धरला तर बोटं पुढच्या तारांवर जेमतेम टेकायची. मोबाइलमधली मुलगी तीन बोटं तीन तारांवर सहज ठेवायची. माझी दोन पोचली की तिसरं वाटेतच राहायचं. दाबून धरलं तरी तार नुसती खरखरायची. मनगट सुजलं, त्यावर हळद लावली आणि पुन्हा बसले. कारण हा माझा शेवटचा डाव होता. पेटी हुकली ती हुकली. आता केस पिकायला लागलेत. आता पुन्हा हात कमी पडला असता, तर मी जन्मात कुठल्या वाद्याकडं ढुंकून बघितलं नसतं.

आणि तो कमीच पडत होता. एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी गिटार खोक्यात कोंबली, खोकं ज्वारीच्या पोत्यांमागं ढकललं आणि मालक शेतातून आल्या आल्या त्यांच्या अंगावर ओरडले, की न्या ती परत, हातच तसला हाय माझा, देवानं दिलाय, आता काय ताणून लांब करू? त्यांनी एवढी आठवण ठेवून आणलेली वस्तू, आणि मी ही अशी. हे जेवताना ताटाकडं कमी आणि माझ्या हाताकडंच जास्त बघत होते.

सकाळी मोटरसायकल काढली, खोकं मला मांडीवर आडवं धरायला दिलं आणि म्हणाले, चल सांगलीला. कृष्णेचा पूल येईपर्यंत मी तणतणत होते, नंतर दमले.

दुकानदार भला माणूस. गिटार बदलून द्यायला कुरकुर केली नाही. त्यानं मला खुर्ची दिली, माझा पंजा उघडून बघितला आणि सांगितलं की इलेक्ट्रिक घेतली हे बरंच केलं, साध्या गिटारपेक्षा हिच्या तारा बोटाला मऊ लागतात. मालकांनी लगेच छाती काढली. मग तो म्हणाला, फक्त लांबी चुकली. तारा जेवढ्या लांब ताणलेल्या, तेवढे पडदे एकमेकांपासून लांब. आपल्या मिरजेच्या सतारीला असतात तसेच हे पडदे, मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. तारा आखूड असल्या की पडदे जवळ येतात आणि लहान बोटं पोचतात. त्यानं आतून एक गिटार आणली. निळी, अंगानं लहान, बारीक मानेची. तिच्यावर पातळ तारा चढवल्या आणि त्या पडद्यांच्या आणखी जवळ बसवून दिल्या. उभं राहून बघा म्हणाला, बसून बघा म्हणाला, पट्टा गळ्यात अडकवल्यावर गिटारची मान खाली झुकते का तेही बघा म्हणाला. मी तिच्यावर तीन बोटं ठेवली. तिन्ही पोचली. आणि ती वाजली, बाई! खरखर न होता वाजली.

मी इतकी हरखले की विचारून बसले, ही कोण घेतं? तो सरळपणानं म्हणाला, शाळेतली मुलं जास्त करून.

झालं. मी गिटार त्याच्या हातात दिली. नको म्हणाले. लहान पोरांचं खेळणं घेऊन मला गल्लीत हसू करून घ्यायचं नव्हतं. ह्या वयात तर नाहीच. मी पायात चपला सरकवल्या.

मालक दारातच उभे होते. बाजूला झाले नाहीत. ह्या माणसाचा आवाज परेडचा, घरात मीठ मागितलं तरी शेजारी ऐकू जातं. त्या दिवशी मात्र हळू बोलले.

“लग्नात तुझ्या हाताला आमचा चुडा बसला न्हाई. तवा हात बदलला का कुणी? चुडा बदलला.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मला वाटायचं तो फजितवाडा फक्त बायकांनी बघितला. हे तेव्हा बाहेर मांडवात पाहुण्यांत होते. त्यांना कुणी सांगितलं, कधी कळलं, एवढी वर्षं त्यावर एक शब्द का बोलले नाहीत, देव जाणे. मी चपला काढल्या आणि निळी गिटार परत मांडीवर घेतली. दुकानदार उगीचच तारांची पाकिटं लावत बसला होता.

घरी आणून वाजवायला बसले तर नवीनच तऱ्हा. डाव्या हातातल्या बांगड्या गिटारच्या मानेवर आपटून किणकिणायला लागल्या. उजव्या हातातल्या वाजतात त्या वाजू देत, पण डाव्या हातातल्या मधेच अडकून बोट निसटायचं. वर सरकवल्या, त्यावर रुमाल बांधला, तर हात बधिर झाला. काढून ठेव की, हे म्हणाले. मी म्हटलं, अजिबात नाही. हे सीमेवर होते तेव्हा महिना महिना फोन नसायचा. तेवढ्या वर्षांत मी कधी हात रिकामा होऊ दिला नाही. बाळंतपणात नर्स बांगड्या काढा म्हणाली, तर मी त्यांच्यावर फडकं गुंडाळलं होतं. तेव्हा कुणाही बाईचा हात रिकामा दिसला की माझ्या काळजात धस्स व्हायचं, आणि ते भय माझं अजून गेलेलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं. सीमेवरच्या दिवसांतलं हे भय मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते.

मालक उठले. न्हाणीतनं साबण आणि तांब्यात पाणी घेऊन आले, माझ्यासमोर मांडी घातली, माझ्या डाव्या हाताला फेस लावला आणि त्या लहान मुलींच्या मापाच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. एवढा राकट हात, पण एकही फुटू दिली नाही. सगळ्या स्वतःच्या बोटांत अडकवल्या. बोटांच्या खाली त्या जाणारच नव्हत्या.

“मी हितं समोर बसलोय,” म्हणाले. “तुझा हात रिकामा कसा?”

मी वाजवायला लागले. डोळे भरलेले होते, काही दिसत नव्हतं, पण पडदे जवळ होते, बोटं पोचत होती.

आता मी कासाराकडून डाव्या हातात जरा सैल बांगड्या भरून घेतल्यात, साबण लागत नाही. एक आख्खं गाणं येतं, दुसरं अर्धं. वाजवणं चालू असेपर्यंत मालक त्या बोटांत अडकवून समोर बसतात, जागचे हलत नाहीत. ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन आला तरी, थांब रं, मी कामात हाय, म्हणतात. वाजवून झालं की मी गिटार बाजूला ठेवते आणि हात पुढं करते. ते एकेक बांगडी भरतात, आणि मग चहा मागतात.