हिरवा हात
पोस्टर कलरचा वास आला की मला समता कॉलनीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. पक्षाघाताने बाबांची वाचा गेली होती. आयुष्यभर रेल्वेत गार्ड असलेले बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. मी जलरंग आणले, तर ब्रश त्यांच्या बोटांतून निसटला. तेलखडू दिले, ते मोडले. "काहून त्रास देऊन राहिली त्यांना?" आई म्हणाली. शेवटी मी ताटलीत पोस्टर कलर ओतले आणि ती एका कागदासह त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. बऱ्याच वेळाने त्यांनी हिरव्या रंगात तळवा बुडवला आणि सगळा कागद हिरवागार केला. आई रडता रडता हसली, "झेंडी दाखवून राहिले तुझे बाबा, पोट्टे! गाडी सोडा म्हणतात!" आता बाबा थोडं बोलतात, पण रागावले की अजूनही लाल रंगच मागतात.