खोडलेल्या तारखा

हॅनोव्हरच्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक अकरा वर्षं मी काढते आहे, आणि आलेल्या कवितांवर माझी लाल पेन्सिल चालते. कुणाला राग येतो, येवो. 'शैलाताईंच्या हातून कविता सुटली म्हणजे सोलूनच सुटली' असं मागे बोलतात, ते मला ठाऊक आहे. मला त्याचा अभिमानच होता. दिनकरच्या कवितेपर्यंत.

दिनकर आमच्या पलीकडच्या रस्त्यावर राहतो. चिंचवडचा, पंचेचाळिशीचा, विचारलं तेवढंच बोलणारा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आवाज तपासायचं त्याचं काम. सीटची मोटर सरकताना बारीकशी जरी कुरकुरली तरी हा डोळे मिटून ऐकायचा आणि नेमका कुठला स्क्रू सैल आहे ते सांगायचा. यंत्रं असतात म्हणे तिथे, पण शेवटचा शब्द दिनकरचा. त्या दोन कानांवर त्याचं घर चालायचं. घरात बायको स्नेहलता आणि दहा वर्षांची ऊर्जा. ऊर्जा इथेच जन्मलेली. आपण मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. मंडळातल्या घराघरात हेच रडगाणं आहे.

सप्टेंबरच्या शेवटी तो स्वतः कागद घेऊन आला. बाकी सगळे मेल करतात, म्हणून मला नवल वाटलं. कवितेचं नाव होतं 'ऐकू येईनासं होताना'. पाचच ओळी, आणि प्रत्येक ओळीआधी तारीख.

१२ जानेवारी. कुकरने शिट्ट्या देणं बंद केलं.
३० मे. खिडकीतले पक्षी कामावर आले नाहीत.
११ ऑगस्ट. सायकलची घंटा फक्त अंगठ्याला कळली.
५ सप्टेंबर. मोटर कुरकुरली असावी. मी 'ठीक' लिहिलं.
.......... लेकीने हाक मारली.

मी वाचत होते तेव्हा हा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. मला वाटलं, कौतुकाची वाट बघतोय.

कवितेत तारखा कशाला रे, हा काय टेस्ट रिपोर्ट आहे, असं मी विचारलं. त्याला तसंच लिहिता येतं म्हणाला.

"आणि शेवटची रिकामी का?"

"ती अजून यायची आहे, ताई."

काय सुंदर बोलला, असं वाटलं मला! मग मी त्यालाच त्याची कविता समजावून दिली. कुकर म्हणजे आपलं स्वयंपाकघर, पक्षी म्हणजे गाव, आणि लेकीची हाक म्हणजे आपली भाषा. आपली मुलं जर्मनमध्ये बोलतात आणि आपल्या कानांवरून मराठी हळूहळू पुसली जाते. गेनाऊ, अगदी बरोबर, हेच तर आपल्या सगळ्यांचं दुखणं आहे, असं म्हणत मी त्याच्यासमोर पाचही तारखांच्या जागा खोडल्या. "ताई, ते तसं..." एवढं तो म्हणाला. मी पुढे बोलू दिलं नाही. तो उठला. कॉफी तशीच राहिली होती.

त्यानंतर त्याने फोन घेणं सोडलं. काय असेल ते मेसेज करा, असा निरोप. मी मनात म्हटलं, एक कविता काय निवडली, चढला की हा लगेच. ऑक्टोबरात एका सकाळी ट्रामच्या स्टॉपपाशी दिसला. रूळ ओलांडत होता. ट्राम घंटा बडवत येत होती, सगळा स्टॉप वळून बघत होता आणि हा आपला सरळ चाललेला. मी धावत जाऊन त्याचं जॅकेट मागून खेचलं. वीतभर अंतरावरून ट्राम गेली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याला स्टॉपभर ऐकू जाईल असं झापलं. लक्ष कुठे असतं, घरी पोर आहे, वगैरे. तो पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"स्नेहलताला सांगू नका," एवढंच म्हणाला.

बायकोच्या बोलण्याला घाबरतोय, असा मी अर्थ लावला. अर्थ लावण्यात माझा हात कोण धरणार! मी कुणाला सांगितलं नाही. इथे कानाच्या डॉक्टरची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे जातात. त्या दिवशी कळलं असतं तर मी जाऊन दवाखान्याच्या दारात बसले असते. आता बोलून काय उपयोग.

दिवाळीचा कार्यक्रम नोव्हेंबरात झाला, शनिवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. अंक वाटले. दिनकरची कविता पहिल्या पानावर, शेजारी माझं टिपण, 'भाषा हरवणाऱ्या पिढीचा हुंकार'. त्या दिवशी ऊर्जा पहिल्यांदाच मराठीत गाणार होती. आजीकडून शिकलेल्या चार ओव्या. स्नेहलता महिनाभर घोटून घेत होती आणि दिनकरने त्यासाठी साहेबाशी भांडून शनिवारच्या पाळीची सुट्टी घेतली होती. पहिल्या रांगेत तो, शेजारी मी.

पोरीचा आवाज पातळ, पण स्वच्छ लागला. माझे डोळे भरले. शेजारी बघितलं तर दिनकर पुढे वाकून तिच्या ओठांकडे टक लावून बसला होता. गाणं संपलं तरी तो तसाच. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्याने आधी माझ्या हातांकडे बघितलं आणि मग टाळ्या वाजवल्या.

ऊर्जा बाजूच्या दाराने धावत आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बाबा!"

तो स्टेजकडेच बघत होता. तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. तिसऱ्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. तो वळला नाही. शेवटी तिने त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा दचकून फिरला, तिला जवळ घेतलं, आणि छान झालं, छान झालं म्हणत राहिला. तिच्या डोक्यावरून त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, की तिने हाक मारली होती आणि ती त्याला ऐकू आली नव्हती.

त्याने माझ्याकडे पेन मागितलं. अंक मांडीवर उघडून तो मी खोडलेल्या तारखा एकेक करून पुन्हा लिहायला लागला. जानेवारी, मे, ऑगस्ट, सप्टेंबर. मधलं अंतर कसं कमी होत गेलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. मग शेवटच्या ओळीपुढे त्याने हळूहळू, नीट, आकड्यांत तारीख घातली आणि पेन मला परत दिलं.

ऊर्जाला मराठी वाचता येत नाही. आकडे येतात. त्याच्या खांद्यावरून वाकून तिने बघितलं.

"बाबा, ही तर आजची तारीख. आज काय आहे?" तिने विचारलं, चक्क मराठीत.

तो अंकाकडे बघत बसून राहिला. मग ती माझ्याकडे बघायला लागली.