गुडघेदुखीचा घटक

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो. मागच्या वर्षी अकोल्याच्या एका कार्यशाळेत मला बोलावलं. विषय : डिजिटल अर्थव्यवस्थेच्या वाढीचे घटक. मी त्यातला तज्ज्ञ, म्हणजे माझ्याकडे त्यावर चाळीस स्लाइड तयार होत्या.

स्वस्त इंटरनेट, घरोघरी स्मार्टफोन, डिजिटल साक्षरता, ग्राहकांचा विश्वास. मी एकेक घटक उलगडत गेलो आणि सभागृह मन लावून डुलक्या घेत राहिलं. शेवटी संयोजकांनी जाहीर केलं, ऑनलाइन अभिप्राय भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही. सभागृहात रेंज नव्हती. मग सगळे प्राध्यापक गच्चीवर जाऊन फोन आभाळाकडे धरून उभे राहिले. कुणी पाण्याच्या टाकीजवळ, एक तर टाकीवरच. माझं व्याख्यान मला कसं वाटलं, हे मलाही भरायचं होतं. ते टाळून मी चहा प्यायला जठारपेठेत निघून आलो.

चहाच्या टपरीशेजारी साठीच्या एक बाई भाजी घेऊन बसल्या होत्या. समोर गिऱ्हाईक एकही नाही, पण शेजारी नावं घालून बांधलेल्या पिशव्यांची रांग. फोन तोंडाजवळ धरून त्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपसाठी निरोप रेकॉर्ड करत होत्या, "आज मेथी चांगली आली. वांगे घेऊ नका, किडके हायेत."

मी विचारलं, "मावशी, हे कधीपासून?"

"गुडघे गेले तवापासून. टोपलं घेऊन फिरनं जमे ना. सुनेनं हे शिकवलं. पिशव्यायवर नावं तेच लिवते. मले लिवता येत नाई, पन बोलता तं येते."

"आणि लोक न बघता भाजी घेतात?"

"किडकं असलं तं मीच सांगतो ना. मंग कोन कशाले पायते?" त्यांनी मला न्याहाळलं. "तुमी काहून इचारून राहिले?"

"मी हेच शिकवतो. हा धंदा कशानं वाढतो ते."

"मंग तुमाले मायीत नाई का?"

मी मनातल्या मनात स्लाइड चाळल्या. उत्तर चाळीसपैकी एकाही स्लाइडवर नव्हतं.

मी तसाच परत गेलो आणि संयोजकांना म्हणालो, दुपारच्या सत्रात या बाईंना दहा मिनिटं बोलू द्या. ते खूश झाले. कल्पना उत्तम आहे, म्हणाले, फक्त त्यांनी ऑनलाइन नोंदणी करायला हवी होती, आणि मुदत संपली.

अमरावतीला आल्यावर मी एकेचाळिसावी स्लाइड केली : गुडघेदुखी. विभागप्रमुखांनी चष्मा वर करून विचारलं, "याला संदर्भ काय?"

"एक बाई, सर."

"कुठे प्रकाशित आहेत?"

स्लाइड काढावी लागली. मात्र निघताना मावशींनी माझा नंबर घेतला होता. हा माणूस अमरावतीला राहतो, ही अडचण त्यांना वाटलीच नाही. आता रोज सकाळी अकोल्यात कोणती भाजी घ्यावी आणि कोणती घेऊ नये, हे मला कळतं. विभागप्रमुख रेकॉर्ड करून पाठवतात त्या सूचना मी न ऐकता पुसतो. हा निरोप मात्र मी शेवटपर्यंत ऐकतो.