नवरदेवाची बुटकी गाडी

गाडी मी रिकामी मोजली, एवढीच माझी चूक. नवरदेवाची गाडी कधी रिकामी असते का? हे कळायला डिप्लोमा लागत नाही. माझ्याकडे डिप्लोमा होता, म्हणूनच बहुतेक कळलं नाही.

तर कोपर गावात, जनार्दनशेठच्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर, त्यांची काळी जर्मन गाडी स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसलेली. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची राहिलेली. आत शेठचा मुलगा हरेश, मुंडावळ्या बांधून. मी नव्या सिल्कच्या साडीत रस्त्यावर गुडघे टेकून गाडीखाली बघत होते. बँडवाल्यांना काही कळलं नव्हतं, ते वाजवतच होते.

"कसला आवाज झाला?" शेठ म्हणाले.

"सायलेन्सर घासला," मी म्हटलं. "काही झालेलं नाही." सायलेन्सरला खरंच काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते मला.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका सस्पेन्शनच्या वर्कशॉपमध्ये मी नोकरीला होते. मालक कामत साहेब. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मॅडम, इंजिनिअर कुठायत?" मी पाना खाली ठेवून सावकाश म्हणायचे, "बोला." या वाक्यासाठी मी नोकरी करत होते असं म्हटलं तरी चालेल. खाडीच्या अल्याड-पल्याड माझ्याएवढं सस्पेन्शन कुणाला कळत नाही, असं मला वाटायचं. वाटून गप्प बसले असते तर ठीक होतं, मी ते सांगतही फिरायचे.

लग्नाच्या थोडे दिवस आधी हरेश एक जड खोका घेऊन आला. दुबईच्या चुलतभावाने पाठवलेले कॉइलओव्हर. म्हणजे काय, तर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेली जोडी. तिच्या अंगावर आटे पाडलेले असतात, बरणीच्या तोंडाला असतात तसे. त्या आट्यांवर एक रिंग फिरते आणि रिंगवर स्प्रिंग बसते. रिंग खाली फिरवली की गाडी खाली येते, वर फिरवली की वर जाते. कंपनीच्या सस्पेन्शनला ही सोय नसते.

"मॅडम, किती खाली येईल?"

"किती पाहिजे?"

"चाक आणि पत्रा यांच्यात दोन बोटं. मॅगझिनमध्ये दिसते ना, तशी."

कामत साहेब चहा पिता पिता म्हणाले, "बाई, नवरदेवाची गाडी आहे. जरा बेताने."

"साहेब, मी स्वतः रूट चेक करते," मी म्हटलं.

आणि केला. लग्न शहाडला एका हॉलमध्ये होतं. गाडी दोन बोटांवर आणून मी एकटीच कोपरहून शहाडला गेले, परत आले. वाटेतले सगळे ब्रेकर बघितले. कुठे म्हणून घासली नाही. तेव्हा माझं वजन छत्रीएवढं होतं. आत्ताचं विचारू नका.

खरं तर गाडी खाली आणताना सीटवर वाळूच्या गोण्या ठेवायच्या असतात. माणसं बसल्यावर गाडी किती दबते ते बघायचं, मग उंची ठरवायची. गोण्या वर्कशॉपच्या मागेच पडलेल्या. पण मला गाडी फोटोसारखी दिसायला हवी होती, आणि फोटोतल्या गाडीत कुणी बसलेलं नसतं. म्हटलं, बसणार कोण? ड्रायव्हर आणि नवरदेव.

लग्नाला कामत साहेबांना आणि मला आग्रहाचं आमंत्रण होतं. गाडीचं कौतुक ऐकायला मी मांडवाच्या दारातच उभी राहिले. नारळ फुटला. हरेश बसला. त्याच्या शेजारी करवली, हातात कलश. तिच्या शेजारी शेठची आई. तिला अख्खं गाव मोठी आय म्हणायचं. मग एक मावशी, तिच्या मांडीवर एक पोर. पुढे मामा, त्यांच्या मांडीवर दुसरं पोर. डिकीत नवरीच्या साड्यांची बॅग, तांब्याची भांडी आणि नारळांचं पोतं. दर माणसागणिक गाडी खाली जात होती. मी हसतमुखाने सगळ्यांना नमस्कार करत होते.

आणि मग तो ब्रेकर.

"कोनी बांधला ह्यो?" मामा काच खाली करून ओरडले. सगळे शेठकडे बघायला लागले. रेतीचे ट्रक जोरात जातात म्हणून उन्हाळ्यात शेठनीच तो घालून घेतला होता.

"मॅडम," शेठ हळूच म्हणाले, "काही होईल काय? त्या हॉलमध्ये दुपारनंतर दुसऱ्यांचं लग्न हाय. मुहूर्त चुकला तर आमाला रस्त्यावर लगीन लावाय लागेल."

सगळ्यांना उतरवून गाडी ढकलता आली असती. पण पुढे शहाडपर्यंत असेच ब्रेकर. दर वेळी उतरायचं आणि ढकलायचं, तर संध्याकाळ झाली असती.

"थोडी माणसं दुसऱ्या गाडीत बसली तर?" मी विचारलं.

"नवऱ्याचे बाजूला करवली नय तं कोन, तू बसतंस?" आतून मोठी आय.

एकच उपाय उरला. तिथेच रस्त्यावर रिंगा फिरवून गाडी वर घ्यायची. त्या रिंगांना आकड्यासारखा एक पाना लागतो. तो खोक्यातच आलेला, मीच डिकीच्या तळाशी ठेवलेला. म्हणजे नारळांच्या खाली.

"सगळ्यांनी उतरा," मी म्हटलं. "हरेश, तूसुद्धा. जॅकवर चढवलेल्या गाडीत कुणी बसायचं नसतं."

सगळे उतरले. हरेश उतरणार तेवढ्यात मोठी आयने दार धरलं. "नारळ फुटलाय. आता त्याचा पाय हॉलचे दारान पडल. मधी नय."

"आजी, गाडी जॅकवरून सटकली तर?"

"त्ये तुजं तू बघ."

मी कामत साहेबांकडे बघितलं. साहेब आकाशाकडे बघत होते. तेवढ्यात मामा पुढे झाले. "आये, पाय जमिनीला नय लागला म्हनजे झालं ना?" मोठी आयने विचार केला, मान डोलावली. मामा गाडीच्या दाराशी बसले आणि हरेशला थेट खांद्यावर घेऊन उठले. शेठ बँडवाल्यांना म्हणाले, "बघताव काय, वाजवा."

मग काय, वरात तिथेच रंगली. मामा दमले की काका, काका दमले की मित्र. नवरदेव एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. घराघरातून बायका बाहेर आल्या, त्याही नाचायला लागल्या. मी पदर खोचून रस्त्यावर बसलेली. कामत साहेब सफारी सूटमध्ये जॅक मारत होते, ड्रायव्हर चाकं काढत होता. एकेक चाक काढायचं, रिंग जागेवर धरणारी लॉक रिंग सैल करायची, स्प्रिंगखालची रिंग वर फिरवायची, परत आवळायचं, चाक लावायचं. हात कधी बँडच्या ठेक्यात चालायला लागले ते कळलंच नाही.

"किती वर घेताय?" साहेबांनी विचारलं.

"नारळांसकट," मी म्हटलं.

चारही झाल्यावर गाडी जॅकवरून उतरवली. डिकी भरून करवलीपासून पोरांपर्यंत सगळ्यांना बसवलं आणि मी खाली वाकून बघितलं. मग नवरदेवाला खांद्यावरून सरळ सीटवर उतरवलं. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, गाडी एका बाजूला ओढते. म्हणून ड्रायव्हरला बजावलं, "हळू चालवा."

"मॅडम, या बँडच्या मागे आनखी कशी चालवनार?"

गाडी ब्रेकरवरून गेली. आवाज आला नाही. त्या दिवशी टाळ्या नवरदेवाला पडल्या की मला, यावर साहेबांचं आणि माझं कधी एकमत झालं नाही.

शहाडला पोचलो तेव्हा भटजी घड्याळ बघत दारात उभे होते. हरेशचा पाय हॉलच्या पायरीवरच पडला. अक्षता वेळेवर पडल्या. फोटो काढताना हरेशने गाडीकडे बघितलं आणि तोंड पाडलं. "मॅडम, आता टॅक्सीसारखी दिसते."

"तिच्यात माणसं बसलेली दिसतात ना," मी म्हटलं. त्याच्या नव्या बायकोला हसू आलं. तिला ती उंच गाडीच बरी वाटली, शालू सावरून बसता येतं म्हणाली. गाडी परत खाली करायला हरेश कधी आला नाही.

त्यानंतर आमच्याकडे एकही गाडी रिकामी मोजली गेली नाही. लो करायला कुणी आलं की मी आधी विचारायचे, घरात माणसं किती, लग्नाचं कोण आहे. गिऱ्हाइकांना वाटायचं बाई स्थळं जमवतात.

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी काळ्या हातांनी श्रीखंड-पुरी खात होते. ग्रीस साबणाने जात नाही. मोठी आय काठी टेकत आली, माझ्या पानात स्वतःच्या हाताने आणखी दोन पुऱ्या वाढल्या आणि म्हणाली, "धाकटे नातीचे लग्नाला पन ये गो बाय. पन फकस्त जेवाला ये. गाडीला हात लावू नको."