तो येऊन गेला, असं मी सांगितलं

आमच्या शाळेत नव्यानं बदलून आलेली एक तरुण बाई डिसेंबरातल्या मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी डबा उघडून बसली आणि म्हणाली, "मॅडम, आमचा लहाना आठ वर्षांचा झाला. कॉन्व्हेंटमध्ये टाकला आहे. अजून सांता खरा मानतो, वर्गातले पोरं हसतात त्याले. सांगून टाकू का?" एरवी मी न मागता सल्ला देणारी बाई. वांग्याच्या भाजीपासून रजेच्या अर्जापर्यंत कशावरही बोलते. त्या दिवशी मात्र डब्यात मान घालून बसले. मॅडमला सांता म्हणजे कोण तेच ठाऊक नाही, असं तिला वाटलं असेल. वाटू दिलं.

आमच्या घरी सांता कधी आला नाही. आमच्या घरी लाकडी बैल जेवायचा.

आमचं गाव गोंदियाला लागूनच. सायकलनं वीस मिनिटांत बाजार, पण धानाचे बांध मागल्या दारापर्यंत आलेले. घरची शेती माझे यजमान बघायचे आणि मी सकाळच्या गाडीनं सालेकशाकडे शाळेवर जायची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवायचं, त्याला एक दिवस पाहुण्यासारखं बोलवायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तो पोरांचा. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी फिरवतात आणि खाऊ गोळा करतात.

माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिच्या बाबांनी सुताराकडून सागाचा बैल करून आणला. मोठ्यांचं पाहून तिनं त्याच्याही खांद्याला तूप चोळलं, कानात आवतन दिलं, आणि मिरवून आणल्यावर त्याच्यापुढे पळसाच्या पानावर एक पुरणपोळी आणि एक वडा ठेवून हात धुवायला गेली. मी जाता जाता वडा तोंडात टाकला आणि पोळी पदराखाली लपवली. ती परत आली, रिकामं पान पाहिलं आणि "जेवला! जेवला!" म्हणत सगळ्या आळीत ओरडून आली. तिचा तो चेहरा पाहून मला जे वाटलं, ते खोटं नव्हतं. तिचे बाबा म्हणाले, "काऊन करून राहिली असं? लाकूड खाते का कुठं?" मी म्हटलं, "खाऊ द्या हो. लहान आहे." पुढे चार वर्षं दर तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल जेवला. खरं सांगायचं तर पोरीपेक्षा मलाच त्याची सवय लागली होती.

तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

घरी खरी बैलजोडीही होती. त्यातल्या एकाच्या शिंगाचं टोक तुटलेलं. पोरीचा सगळा जीव त्याच्यावर. शाळेतून आली की दप्तर घेऊन गोठ्यात जायची, त्याच्या शेजारी बसून पाढे म्हणायची, आणि तोही रिबन बांधून घ्यायचा. ती आठ वर्षांची असताना तो मागच्या पायानं लंगडू लागला. गावात नांगरणीला ट्रॅक्टर आले होते. एका सकाळी ती शाळेत असताना यजमानांनी जोडी बाजारात नेऊन विकली. घेणारा पुढे ती कुठे नेणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. उत्तराचा अंदाज दोघांनाही होता.

संध्याकाळी पोर रिकाम्या गोठ्यात उभी राहिली. तिच्या बाबांनी "इकला व, माय..." एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि मी मध्येच बोलले. म्हटलं, "इकला नाही काही! कचारगडाच्या जंगलात एक वैदू आहे. लंगड्या बैलांचे पाय बरे करतो. तिकडे पाठवला, दुसरा सोबतीला गेला." कचारगड सालेकशाच्या पुढे. तिच्या लेखी सगळ्यात दूरचं आणि सगळ्यात मोठ्या डोंगराचं ठिकाण. तिनं डोळे पुसले. बाबा बाहेर गेले. मला वाटलं, झालं, निभावलं.

पण मी रोज त्याच बाजूला नोकरीला जात होते, हे मी विसरले आणि ती विसरली नाही. घरात पाय ठेवला की प्रश्न, "आई, आज दिसला का?" पहिल्या दिवशी नाही म्हटलं तर तिनं जेवताना अर्धी पोळी टाकली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, दिसला, गाडीतून. मग रोजच तो दिसू लागला. कधी चरत होता, कधी तळ्यावर होता, कधी लंगडणं कमी झालं होतं. वर्गात पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं करणारी मी, गाडीत बसल्या बसल्या आज बैलानं काय केलं ते ठरवत असे.

पोळा जवळ आला तेव्हा तिनं विचारलं, "पोळ्याले येईल का तो?"

"आवतन दिलं तर येईल की."

हे मी भाकरी थापता थापता बोलले. तव्यावरची भाकरी करपत होती, त्या घाईत. आमच्याकडे आवतन दिलं आणि पाहुणा आला नाही, असं सहसा होत नाही, आणि आवतन घेऊन न येणं म्हणजे घराशी बोलणं तोडण्यासारखं. आठ वर्षांच्या पोरीला हे नीट ठाऊक होतं. ती माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "मग तू उद्या जाशील तं त्याच्या कानात सांग. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. असंच सांगजो, बरोबर." दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी सांगितलं, "सांगितलं. त्यानं मान हलवली."

मान हलवली! काय गरज होती?

पोळ्याला तिनं गोठा स्वतः झाडला. पळसाच्या पानांवर पुरणपोळ्या, वडे, भात असं सगळं वाढलं. मग बाबांसोबत गावाबाहेरच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरण पाहायला गेली. सगळ्यांचे बैल तिथे तोरणाखाली उभे करतात, आमचे नव्हते, तरी गेली. ती गेल्यावर मी पानं उचलली आणि सगळं शेजारच्या गाईला घातलं. ती धावत आली, तेव्हा मी अंगणात उभी होतेच. म्हटलं, "येऊन गेला! सगळं जेवला बघ."

ती हसली, पण हसू पुरतं ओठांवर यायच्या आत थांबलं. "मले न भेटता?"

"घाई होती त्याला. दूर जायचं होतं ना."

"मी आखरावरच होती ना. किती दूर हाय आखर?"

मी तिला वडा दिला. त्या दिवसानंतर तिनं "आज दिसला का" हे विचारणं बंद केलं, आणि मला काय वाटलं म्हणाल तर सुटल्यासारखं वाटलं. पोर समजूतदार झाली, असं मी मैत्रिणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

पुढच्या वर्षी ती तोरणाला गेलीच नाही. सकाळपासून गोठ्याच्या दारात पाटावर बसून राहिली. दुपार झाली, जेवायलाही उठेना. यजमान मला मागल्या दारी घेऊन गेले आणि म्हणाले, "सांगून टाक आता. रडन दोन दिवस. मरत नाही पोरगी." मी म्हटलं, आजच्या सणाच्या दिवशी नको. मग तिला दही आणायला शेजारी पाठवलं आणि शेजारणीला आधीच सांगून ठेवलं की बोलण्यात गुंतव. ती दही घेऊन आली तेव्हा पानं रिकामी होती. ती रडली नाही. पानं पायानं बाजूला सारली आणि म्हणाली, "तो मुद्दाम करते." मुका बैल, जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही, त्याच्यावर आळ आला आणि मी येऊ दिला.

तिसऱ्या वर्षी ती दहा वर्षांची होती. पोळ्याआधीच मला म्हणाली, "औंदा त्याले आवतन नको देऊ." मला बरं वाटलं. आपोआप मिटलं, असं वाटलं. पण पोळ्याच्या दुपारी बाबांसोबत निघताना तिनं गुपचूप गोठ्यात पान वाढून ठेवलं होतं. मला ते नंतर दिसलं. एकच पोळी होती, वर तुपाची धार. मी नेहमीप्रमाणे पान उचललं, मागल्या दारी गेले, आणि गाईच्या तोंडाशी धरलं तेव्हा मागून आवाज आला, "आई."

ती आखरापर्यंत गेलीच नव्हती. अर्ध्या वाटेतून परत आली होती.

"मागच्या साली बी तूच?"

"हो."

"त्याच्या पयलेच्या साली?"

"हो."

"मंग तो आलाच नाही?"

"नाही."

"कुठं हाय?"

"विकला, बाळा. तेव्हाच विकला."

मला वाटलं ती ओरडेल, पान हिसकावेल. माझी त्याची तयारी होती. ती तिथेच उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "मी दोन सालं त्याच्यावर रुसून राहिली. त्याचं तं काहीच नव्हतं."

मी तिला जवळ घेतलं. शाळेत सुई टोचून घ्यायला पोरं उभी राहतात, तशी ती माझ्या मिठीत उभी राहिली. संध्याकाळी तिचे बाबा मला "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मी पुष्कळदा स्वतःची बाजू मांडून पाहते. लाकडी बैलाच्या वेळी काय वाईट केलं? काहीच नाही. तो खेळ होता आणि वय वाढलं तसा तो तिच्या हातून आपोआप सुटला. सहाव्या वर्षापासूनच ती लाकडी बैलाला जेवू घालताना माझ्याकडे तिरकं बघून हसायची. पोरांनी कधी थांबावं हे पोरांनाच कळतं, त्याची काळजी आपण करू नये. पण दुसरी गोष्ट मी तिच्यासाठी केली नाही. तिचं रडणं मला बघवलं नसतं म्हणून केली. एका संध्याकाळचं रडणं चुकवायला मी तिला दोन वर्षं एका निरपराध जनावराचा राग करायला लावला. त्याला माया म्हणायची माझी आता हिंमत होत नाही.

असं वाटलं होतं की मोठी झाल्यावर विसरेल. पुढे ती नागपूरला कॉलेजात शिकायला गेली. पहिल्या वर्षाची परीक्षा सुरू होती. इकडे तिचे बाबा ओल्या बांधावरून घसरून पडले आणि उजव्या हाताचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं आणि दुखणं थांबवायच्या औषधानं त्यांना झोप लागली. तेवढ्यात गावातल्या कुणीतरी तिला फोन करून टाकला होता की बाबांना दवाखान्यात नेलं. तिचा फोन आला. मी म्हटलं, "काही नाही झालं. हात मोडला, प्लास्टर घातलं. उद्याचा पेपर नीट दे."

"खरं?"

"खरं."

"बाबाले फोन दे."

"झोपले आहेत ते."

मी पुन्हा म्हटलं, शपथ घेऊन म्हटलं, की हातच आहे, दुसरं काही नाही. आयुष्यात मी इतकं खरं क्वचित बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या वेळेला ती आमच्या दारात होती. पहाटेची गाडी धरून आलेली. माझ्याकडे न बघता सरळ आत गेली. बाबा खाटेवर बसून डाव्या हातानं भात खात होते, अर्धा सांडत होते. तिनं विचारलं, "बाबा, काय झालं?"

"काही नाही व. पडलो. हात मोडला."

एवढं ऐकलं आणि ती खाटेवर बसली. त्यांच्या एका वाक्यावर तिचा विश्वास बसला. दुसरा प्रश्न विचारला नाही. ताटली स्वतःकडे ओढून घेतली, वरण-भात कालवला आणि त्यांना भरवू लागली. पेपर बुडाला होता. तो विषय तिला पुन्हा द्यावा लागणार होता, आणि घरात तिघांनाही ते ठाऊक होतं.

मी दारात उभी होते. म्हटलं, "अगं, मी सांगितलं होतं ना तुला, हातच आहे म्हणून. खरंच सांगितलं होतं."

तिनं घास बाबांच्या तोंडाशी नेत मान वर केली. आवाजात राग नव्हता, लहान मुलाला समजावून सांगावं तशी म्हणाली, "हो ना आई. पण काही नाही झालं असं तू म्हटलं ना, की मले भेवच लागते."