टाचेवरचा फोड आणि दौंडची ज्योत

पळताना पायाला फोड येऊ नयेत म्हणून काय करावं, हे मला पन्नासेक वर्षांपूर्वी एका जाणत्या माणसाने फुकट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर हा मजकूर चार ओळींत संपला असता आणि तुम्ही आपापल्या कामाला लागला असता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी शिरूरला कॉलेजात होतो, घर दौंडला. आमच्या दौंडच्या वस्तीने त्या वर्षी ठरवलं की बाबासाहेबांच्या जयंतीला कोरेगावच्या स्तंभापासून ज्योत पळत आणायची. तेरा एप्रिलला पहाटे निघायचं आणि चौदाला दिवस मावळायच्या आत वस्तीत पोचायचं. आम्ही सहाजण, दोन सायकली आणि रॉकेलचा एक डबा. ज्योत जमिनीला टेकवायची नाही, एवढाच नियम. दौंडच्या आधीच्या गावापासून विहारापर्यंतचा शेवटचा टप्पा माझ्याकडे दिला होता, कारण वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. आईने ही बातमी आठ दिवस आधीच घरोघरी पोचवली होती. खोटं कशाला बोलू, मलाही ज्योत घेऊन वस्तीत शिरायची भलतीच घाई झाली होती.

आता तो जाणता माणूस. माझे वडील, आबा. रेल्वेत कीमन होते. म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतल्या रुळांवरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, कुठे चीर गेलीय का पाहायचं आणि चालतच परत यायचं. खडीवरून. उन्हातान्हात, पावसात. पंधरा दिवस आधी ते मला भेटायला शिरूरला आले, तेव्हा आम्ही माझ्या मित्राच्या, शांतारामच्या, सायकल पंक्चरच्या दुकानात बसलो होतो. शांतारामही पळणाऱ्या सहांपैकी एक. माझ्या मांडीवर नव्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांचा खोका होता.

आबा म्हणाले, "दुकानातनं आनला म्हंजी जोडा आपला झाला न्हाई. रोज थोडा थोडा घालून चाल, मग त्यो आपला. मोजा उलटा घाल, शिवण भायेर ऱ्हाईल. झोपताना टाचंला एरंडेल चोळ. पाय वलं झालं तर कोरडं केल्याबिगर जोड्यात घालू नको. आन् टाच गरम लागली की तवाच थांब. फोड आल्यावर थांबून काय उपेग?"

मी "हो हो" म्हटलं. शांतारामने मात्र हातातली ट्यूब बाजूला ठेवून विचारलं, "आबा, एरंडेल किती दिस लावायचं?"

वर्गात एरंडेलाचा वास घेऊन बसणारा मी नव्हतो. बुटांचं म्हणाल तर ते वस्तीत शिरताना पांढरेशुभ्र दिसायला हवे होते, म्हणून पंधरा दिवस खोक्यातून काढलेच नाहीत. अशी चूक करायला कॉलेजात जावं लागतं.

तेरा तारखेला कोरेगावहून निघालो तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं. ज्योत पेटली, जयजयकार झाला आणि पळायला लागलो. आज त्या रस्त्याने पळायचा कुणाचा विचार असेल तर शिक्रापूरपर्यंत पळू नका, सरळ वाहनाने जा. कंटेनर आणि कंपन्यांच्या बसच्या गर्दीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही. तेव्हा सणसवाडी म्हणजे रस्त्याकडेचं साधं गाव होतं. तिथे चहा प्यायला उभे राहिलो, तर चहावाल्या मामांनी आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुठवर?"

"दौंडला."

"पळत?"

"व्हय."

"एस्टी बंद हाय का आज?"

मग ज्योत कशाची ते कळल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. चहाचे पैसेही घेतले नाहीत.

आमची पद्धत अशी होती की एकाने एका गावच्या वेशीपासून पुढच्या गावच्या वेशीपर्यंत ज्योत न्यायची. हे कुणी लिहून दिलं नव्हतं. पण मधेच दुसऱ्याच्या हातात दिली तर गडी दमला असं म्हणतील, आणि ते कुणालाच नको होतं. शिक्रापूर सोडून तळेगाव ढमढेरेच्या रस्त्याला लागलो तेव्हा ज्योत माझ्या हातात होती. अर्ध्या वाटेत डावी टाच गरम लागायला लागली. दुखत नव्हती, नुसती चटचटत होती. आबांचे शब्द आठवले. पण पुढची वेस आता फार लांब नव्हती. मी पळत राहिलो.

उन्हाच्या वेळी एका विहिरीजवळच्या चिंचेखाली थांबलो. (एप्रिलात या भागात जायचं असेल तर अकरा ते चार सावली सोडू नका. सोबत गूळ-शेंगदाणे ठेवा आणि वाटेत ताक मिळेल तिथे प्या.) बाकीचे पाय मोकळे करून पसरले. मी बूट काढलेच नाहीत, कारण काढल्यावर काय दिसेल याची मला कल्पना होती.

मुक्काम न्हावऱ्याला, शाळेच्या व्हरांड्यात. गावातल्या आपल्या लोकांनी बेसन-भाकरी आणि कांदा आणला होता आणि ज्योत आळीपाळीने हातात धरायला त्यांचीच पोरं बसली. मी कोपऱ्यात जाऊन हळूच बूट काढला. टाचेवर चिंचोक्याएवढा फोड, पाण्याने टच्च भरलेला. मागे शांताराम उभा होता.

"दावा की कॉलेजवाले."

मी पाय आखडला. त्याने तो ओढून मांडीवर घेतला. साबणाने धुतला, सुई कंदिलाच्या ज्योतीवर धरून घेतली आणि फोडाला कडेने बारीक भोक पाडून पाणी काढलं. वरची कातडी मी ओढायला गेलो तर हातावर चापट बसली.

"ती झाकण हाय. ऱ्हाऊ दे. उद्या तू सायकलवर बस."

"आणि शेवटचा टप्पा?"

"तो मी घिऊन पळून जात न्हाई."

त्याने स्वतःचे पाय दाखवले. जुने, तळ बदललेले बूट, उलटे घातलेले मोजे आणि एरंडेलाने मऊ पडलेल्या टाचा. एक ओरखडा नाही. दिवसभर आम्ही त्याला 'तेल्या तेल्या' म्हणून चिडवलं होतं.

सकाळी मी सायकलवर बसलो, पण पारगावपर्यंतच. तिथे भीमा आडवी येते. पूल सोडून आम्ही मुद्दाम पाण्यात उतरलो, कारण एवढं पळून आल्यावर नदी बघून पूल कोण धरतो? गुडघाभर गार पाणी होतं. टाच एकदम शांत झाली आणि मला वाटलं, बरी झाली! काठावर आलो, घाईघाईत ओले पाय मोज्यात कोंबले आणि म्हणालो, "आता मी पळतो." एका माणसाने इतका नीट सल्ला द्यावा आणि दुसऱ्याने तो इतक्या शिस्तीने एकेक करून मोडावा, असं मी पुन्हा कधी पाहिलेलं नाही.

चौफुल्याला पुणे-सोलापूर रस्ता लागतो. उजवीकडे भांडगाव, यवत करत पुणे. आम्ही डावीकडे वळलो. पाटसला पोचेपर्यंत ओल्या मोज्याने कातडीचं झाकण पार सोलून काढलं होतं. पाटसच्या वेशीवर ज्योत माझ्या हातात आली. आता थेट विहार. प्रत्येक पावलाला टाचेत विस्तव ठेवल्यागत होत होतं, पण चेहरा हसरा ठेवायचा मी सराव केला होता. शांताराम शेजारून पळत होता.

दौंड चार-पाच मैलांवर राहिलं आणि वाटेतलं रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी येत होती. आम्ही जागच्या जागी पळत उभे राहिलो. फाटकाशेजारी खांद्यावर हातोडा घेऊन आबा उभे होते. त्यांना त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. ज्योत जाताना बघायला मिळावी म्हणून चालण्याची वेळ मागेपुढे करून ते तिथवर आले होते.

त्यांनी आधी ज्योतीला हात जोडले. मग त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. पांढऱ्या बुटाची टाच लाल झाली होती.

"कवापास्नं?"

"काल सकाळपासून."

"आन् पळतोयस?"

"आबा, थोडंच राहिलंय. पोचतो मी."

"पोचशील. न्हाई कोन म्हनतंय?" ते म्हणाले. मालगाडी धडधडत समोरून जायला लागली, म्हणून त्यांना आवाज चढवावा लागला. "ह्या रुळाला केसाएवढी चीर दिसली तर म्या काय करतो? लाल बावटा दावून अख्खी गाडी थांबवतो. आत सायेब बसलेला आसू दे न्हाईतर मंत्री. आजवर मला कुनी भित्रा म्हनलं न्हाई. तेच माझं काम हाय."

मी मान खाली घातली. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, हे कबूल करतो. आई वाट बघत होती. सगळी वस्ती वाट बघत होती. ज्या दारांपुढून मी लहानपणी नागडा पळालो, त्यांच्यापुढून एकदा मानाने पळायचं होतं.

गाडी गेली, फाटक उघडलं. आबा बाजूला झाले. निर्णय त्यांनी माझ्यावरच सोडला, आणि तेच जड गेलं. मी ज्योत शांतारामच्या पुढे धरली. तो मागे सरकला.

"अरं, मी शिरूरचा. तुमच्या वस्तीत मला कोन वळखतंय?"

"ज्योत ओळखतील," मी म्हटलं, आणि ज्योत त्याच्या हातात दिली.

तो पळाला. बाकीचे त्याच्या मागे गेले. आबांनी मला खडीवर बसवलं, बाटलीतल्या पाण्याने टाच धुतली, आपल्या पंच्याची पट्टी फाडून बांधली आणि माझ्या नव्याकोऱ्या बुटाची मागची बाजू आत दुमडून त्याची चप्पल करून टाकली. "आता हळू जा," म्हणाले आणि रुळावरून उलट्या दिशेने चालायला लागले. त्यांची हद्द अजून संपली नव्हती.

मी वस्तीत पोचलो तेव्हा तासभर तरी उलटला होता. विहारातून वंदनेचा आवाज येत होता, गल्ली रिकामी होती. कोपऱ्यावर एकटी आई उभी होती, पांढऱ्या साडीत, हातात विझलेली मेणबत्ती.

"तू आत नाही गेलीस? ज्योत आली की."

"आली. दुसऱ्याच्या हातात बघितली, मग जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. म्हनलं, माझं कुठं पडलं?"

तिने मला धरून आत नेलं. शांतारामला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. माझ्याकडे बघून त्याने एवढा मोठा हात केला, की माझ्या पोटातला मत्सर मला लपवावा लागला. रात्री जेवणात लापशी होती. मी दोनदा घेतली.

टाच भरून यायला दोन आठवडे गेले. आज कुणी पळण्याच्या शर्यतीला निघालं की मी बुटांची किंमत विचारत नाही, ते किती दिवस घातलेत एवढंच विचारतो. त्या दोन दिवसांतलं तेवढं मुरलं. ज्योत घेऊन वस्तीत मी कधीच शिरलो नाही. पुढच्या वर्षी परीक्षा आली, मग नोकरी. त्याची रुखरुख पूर्ण गेली आहे असं म्हणणार नाही.

पण त्या संध्याकाळी आबा ड्युटीवरून आले, दाराशी बसून पाय धुऊ लागले, तेव्हा मी त्यांना चिडूनच विचारलं होतं, "तुम्हाला कधी आलाच नसेल ना फोड?"

त्यांनी उजवा पाय पाण्यातून वर घेतला. टाचेवर खोल खड्डा होता, बोट मावेल एवढा. इतकी वर्षं एका घरात राहून मी तो पाहिला नव्हता.

"पयल्याच वर्षी आला. पाय दुखतो म्हनलं आसतं तर नोकरीवरनं काढलं आसतं, ह्येच भ्याव. चालत ऱ्हायलो. सडला. दीड म्हैना इस्पितळात काढला." पाय पुन्हा पाण्यात सोडून ते म्हणाले, "मला फाटकावर थांबवायला कुनी नव्हतं, बाळा."