सोजरबाईनं बाळाला उन्हात धरलं तो रविवार

"वैनी, ही खाट कुनी फिरीवली?"

सोजरबाई बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली होती, हातात तेलाची वाटी. रोज त्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं. शुक्रवारी तिथं अंधार होता. खिडकीवर मी जाड चादर खिळे ठोकून टांगली होती, आणि माझ्या लेकीच्या, शालनच्या खाटेची उशी उत्तरेला केली होती.

"आवो, उत्तरंला डोस्कं करून मेल्याल्या माणसाला निजिवत्यात. ह्या लेकराला अजून सा दिस झालं न्हाईत, आन् तुमी..."

मी घरी आलेलं पोस्टकार्ड दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवलं. दोन डिसेंबरच्या रविवारी सूर्याची उत्तर ती दक्षिण होणार, दक्षिण ती उत्तर. आठ दिवस त्याचे किरण विषारी राहतील, लहान बाळांना उन्हात नेऊ नये, आणि वाचणाऱ्यानं अशीच अकरा कार्डं लिहून पाठवावीत, नाहीतर घरावर संकट. समोरच्या गिरिजाबाईंनी ते आणून दिलं होतं. "अक्का, तुमचं अक्षर मोत्यासारखं, माझीपण तुम्हीच लिहा," म्हणाल्या. मी रोज वहीत दिवसाची हकिकत लिहिणारी बाई, त्यांची अकरा आणि माझी अकरा एका बैठकीत लिहून काढली. गल्लीनं त्याच्यापुढचा हिशेब स्वतःच केला. सूर्याची उत्तर दक्षिण होणार, तर आजवर दक्षिणेला डोकं करून निजत होतो ते आता उत्तरेला करायला हवं. गुरुवारी संध्याकाळी घराघरांतून खाटा सरकवल्याचे आवाज येत होते. जुलैत ते परदेशानं आकाशात सोडलेलं यंत्र पृथ्वीवर पडायचं होतं, तेव्हा लोक एवढे भ्याले नव्हते. यंत्र परक्याचं. सूर्याला तर मी रोज अंघोळीनंतर तांब्याभर पाणी देते. आपलाच देव उलटला तर बोलायचं कुणाशी?

सोजरबाईनं सगळं ऐकलं, आणि बाळाचं दुपटं बाजूला करून त्याच्या कपाळावर अंगठा दाबून उचलला. "हळद लावल्यागत झालंय."

ते मलाही दिसत होतं. दवाखान्यातून सोडताना बाई डॉक्टरांनी बजावलं होतं, बाळ थोडं पिवळं आहे, अंगावर भरपूर पाजा, सकाळचं कोवळं ऊन द्या, मंगळवारी आणा. नाही उतरलं तर ठेवून घेऊ. शालनचं पहिलं बाळ ते. आणि कुर्डुवाडीहून विहीणबाईंचं पत्र आलेलं, त्यांच्याकडेही ते कार्ड पोचलं होतं. आमच्या नातवाला या आठ दिवसांत उन्हात काढाल तर जबाबदारी तुमची, असं स्पष्ट लिहिलं होतं.

"आई, मी काय करू?" शालन म्हणाली.

सोजरबाई कोण, हे आमच्या शुक्रवार पेठेत कुणाला सांगावं लागत नाही. मोहोळकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली, नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. सासू पोरांना न्हाऊ घालायची, तिच्याकडून ही शिकली. गल्लीतली निम्मी पोरं हिच्या नडग्यांवर पालथी पडून मोठी झालीत. तिची रीत ठरलेली. आधी तेल, मग कढत पाणी, मग अंगणात जाऊन बाळाच्या डोळ्यांवर आपला पदर धरायचा आणि त्याची पाठ उन्हाला द्यायची. तेव्हा ती सूर्याला म्हणायची, "तुजंच हाय, बग बाबा." नंतर धुरी. एका मोठ्या घरी मुलगी झाली म्हणून सासूनं बाळंतिणीचं तूप बंद केलं होतं. सोजरबाईनं तेलाची वाटी उंबऱ्यावर पालथी घातली नि निघून आली. तीन दिवस ते बाळ रडत राहिलं. चौथ्या दिवशी सासूनं तिच्यादेखत सुनेच्या भातावर तूप वाढलं, तेव्हा वाटी सुलटी झाली.

आमच्या घरी मात्र तिनं वाटी पालथी घातली नाही. तिनं आमच्या ह्यांना बोलावलं. "दादा, तुमी पेपर वाचता. खरं काय ते सांगा."

ह्यांनी दोन दिवसांपूर्वीच मला सांगितलं होतं, मी कान दिला नव्हता. सूर्य एक मोठा लोहचुंबकच समजा, हे म्हणाले. त्या चुंबकाची दोन टोकं साधारण अकरा वर्षांनी अदलाबदल होतात. एका रविवारी नाही, महिनोन् महिने चालतं ते. सूर्य गरकन फिरत नाही की उगवायची जागा सोडत नाही. आपल्याला काही कळतसुद्धा नाही.

"अकरा वर्सांनी? म्हंजी ह्याच्या आदी बी झालंय?"

"झालंय की. एकोणसत्तर-सत्तरच्या सुमाराला."

सोजरबाई बोटं मोजू लागली. "दुस्काळाच्या आदी दोन-तीन सालं." आणि एकदम उठली, अंगणाच्या दारात जाऊन हाक घातली, "गिरजाबाई! तुमची हेमा कवाची वो?"

समोरून गिरिजाबाई बाहेर आल्या. "का? सत्तरच्या संक्रांतीची. का विचारता?"

"तिला उनात कुनी धरली हुती?"

"तुम्हीच की."

"तवा बी सूर्य उलटाच हुता म्हनं! काय झालं तिला? ती बगा, शिंगरावानी उड्या मारतीया." हेमा खरंच त्यांच्या पायरीवर लंगडी घालत होती. "मला तवा कार्ड आलं न्हवतं, म्हनून वाचली बिचारी."

आतून शालन हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

गिरिजाबाई चिडल्या. "चेष्टा करू नका. रविवारी तुम्ही पोर उन्हात काढलंत तर या गल्लीत तुम्हाला कुणी घरात घेणार नाही. मी सांगेन सगळ्यांना."

"सांगा की. आन् पुडच्या बाळंतपनाला मला हाक मारताना तुमीच लाजू नका."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी चादर काढली नाही, हे लिहिताना लाज वाटते. देवापुढं बसले की विहीणबाईंचं पत्र डोळ्यांपुढं यायचं. शनिवारी संध्याकाळी बाळ पेंगुळलं, नीट पिईना. पिवळेपणा छातीपर्यंत पसरला होता.

रविवारी गिरणीचा सकाळचा भोंगा झाला आणि सोजरबाई आली. तिनं बाळाला न्हाऊ घातलं, दुपट्यात घेतलं, आणि माझ्यासमोर उभी राहिली. "वैनी, म्या दार उघडते. आडवायचं आसंल तर आत्ता आडवा. भायेर गेल्यावर न्हाई."

मी अडवलं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागं गेले.

गल्लीतली सगळी दारं मिटलेली, पण फटी होत्या. सोजरबाई अंगणाच्या मधोमध पाय पसरून बसली, बाळाची पाठ उघडी केली, डोळ्यांवर पदर धरला. "तुजंच हाय," तिनं वर बघत म्हटलं, "बग बाबा. नीट बग. लोकं काय बी बोलत्यात."

फटीतून गिरिजाबाई ओरडल्या, "अक्का, तुम्हीसुद्धा? तुमच्या हातची कार्डं वाचून गल्ली दारं लावून बसलीय!"

त्या वेळी माझ्या अंगात काय आलं सांगता येत नाही. मी आयुष्यात गल्लीत आवाज चढवला नव्हता. "ती कार्डं मी न विचार करता लिहिली, गिरिजाबाई! बावीसच्या बावीस खोटी! ज्याला रोज पाणी घालते त्याच्यावर विश्वास नाही, आणि पंचवीस ओळींच्या कार्डावर आहे, असली कसली माझी भक्ती? दारं उघडा! उन्हाला घाबरायला काय झालं?"

कुणी दार उघडलं नाही. मी सूर्याला पाणी दिलं, नेहमीच्याच दिशेला, तो नेहमीच्याच जागी होता. मग घरात जाऊन चादर खिळ्यांसकट ओढली. शालननं स्वतः उतरून खाट सरळ करायला हात लावला. मी रागावले तरी ऐकेना.

सोमवारी पुन्हा ऊन दिलं. दुपारी बाळ पोटभर प्यायलं आणि रडलं ते चांगलं खणखणीत. मंगळवारी बाई डॉक्टरांनी कपाळावर अंगठा दाबला, पोटावर दाबला, पापणी उघडून बघितली. "उतरतंय. ठेवून घ्यायची गरज नाही. ऊन चालू होतं ना? या आठवड्यात चार बायका अंधारात ठेवलेली बाळं घेऊन आल्यात."

"मध्ये दोन दिवस मीही बंद केलं होतं," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. तेवढं मला पुरलं.

घरी येऊन सोजरबाईला सांगितलं. ती पदरानं हात पुसत होती. "चार आल्यात म्हनल्या? कुटल्या गल्लीच्या?"

"ते नाही विचारलं."

"इचारायचं न्हाई व्हय वैनी? बरं. आल्या त्या शान्या. आजून न गेलेल्या किती आसतील." तिनं वाटीतलं उरलेलं तेल बाटलीत ओतलं, बाटली कमरेला खोचली. "पलीकडं त्या हातमागवाल्याच्या घरी बी खिडकीला गोदडी लावलीया. सून बाळंत हून बारा दिस झाल्यात. जाते तिकडं."

"त्यांनी तुम्हाला बोलावलंय का?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि भर उन्हातून निघाली.